एकवावरी

मामा, एकवावरी हा शब्द तुमचा होता आणि तो मी चोरला. एवढं एक वाक्य तुमच्या तोंडावर म्हणायला मला पाच वर्षं पुरली नाहीत. आणि आता तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले, तर ते एका दमात कागदावर उतरलं. तुमची भाची किती धीराची आहे ते यावरून कळावं. मामी ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली आहे. मी तुमच्या लोखंडी पेटीवर कागद ठेवून लिहिते आहे. पेटीवर लिहू नको, पत्रा वाजतो, असं तुम्ही मला शाळेत असताना म्हणायचात. अजून वाजतो.

पुण्यात मी तुमचं काम कधी कुणाला धड सांगितलं नाही. म्हणून आज ते तुम्हालाच सांगते, ऐकून घ्या. वसमतच्या मोंढ्यात, त्या हळदीच्या बाजारात, तुम्ही हमाल होतात. पाठीवर हळदीची पोती वाहायचात. हे वाक्य लिहिल्यावर मी उठून माठातलं पाणी पिऊन आले, यावरून काय ते समजा.

पोती वाहणारे मोंढ्यात पुष्कळ होते. तुम्हाला मात्र खरेदीदार हाक मारायचे ते नाकासाठी. लिलावाआधी ढीग लागले की बाकीचे लोक हळकुंड मोडून आतला रंग बघायचे, फरशीवर टाकून वाजवून बघायचे. तुम्ही मोडायचात, तळहातावर चोळायचात, त्याला जरा ऊब लागू द्यायचात, मग डोळे मिटून वास घ्यायचात. शेवटी एक कपचा दाताखाली धरून चावायचात आणि बाजूला थुंकायचात. तुमचे दात बारा महिने पिवळे. सगळा ढीग एकाच वावरातला असला, दुसरीकडची हळद त्यात मिसळलेली नसली, की म्हणायचात, "एकवावरी हाय." नसली की म्हणायचात, "न्हाई. दोन वावरं निजलेत हितं एका वाकळंत." लोक हसायचे. ज्याचा ढीग असेल तो तेवढा हसायचा नाही.

हा शब्द कुठल्या कोशात नाही. मी नंतर शोधला, चोरी पचते का ते बघायला.

आई गेल्यापासून मी तुमच्याकडेच होते. तुम्हाला लेकरू नव्हतं, मामी मजुरीला जायची, आणि हळदीचा हंगाम नेमका माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचा. मग मला ठेवणार कुठे? न्यायचात मोंढ्यात. काम नसलं की आपला खेळ चालायचा. "डोळे झाक, माय," म्हणायचात आणि माझ्या दोन्ही हातांवर एकेक हळकुंड ठेवायचात. कोणतं काळ्या रानातलं, कोणतं माळावरचं? मी पटकन काहीतरी ठोकून द्यायचे. तुम्ही म्हणायचात, "नाकाला घाई करू न्हाई. पहिला वास हळदीचा येतो, त्यो सोडून दे. मागून येतो त्यो मातीचा."

मग एकदा ती गंमत झाली. मी अकरा वर्षांची असेन. एका ढिगाला तुम्ही म्हणालात दोन वावरं आहेत, आणि मी शेजारून बोलले, "मामा, तिसरं बी हाय." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. पुन्हा वाकलात, पुन्हा मोडलंत, चोळलंत, आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, "पोरगी बराबर हाय. तिसरं हाय. माझं नाक चुकलं." घरी येईपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला तुम्ही हेच सांगत होतात. सायकलच्या दुकानात सांगितलंत, पिठाच्या गिरणीत सांगितलंत, मामीला तर दोनदा. दुसऱ्याचं ते दुसऱ्याला देऊन टाकायला तुम्हाला क्षणभरही लागायचा नाही. मी त्या दिवशी भरपूर मिरवून घेतलं. शिकायचं ते काही शिकले नाही.

बारावीनंतर मी हॉटेल मॅनेजमेंटचा फॉर्म भरला तेव्हा गल्लीत सगळ्यांना विषय मिळाला. भजे तळायला पुण्याला कशाला जायचं, बसस्टँडवर काय हाटेलं कमी आहेत, असं लोक तुम्हाला विचारायचे. तुम्ही म्हणायचात, "भजे न्हाई, म्यानेजमेंट तळणार हाय ती." त्याचा अर्थ तुम्हालाही माहीत नव्हता, मलाही नव्हता. पण माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवताना तुम्ही दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हमालाची भाची आहे, ट्रंक हमालानंच चढवायची, म्हणालात. मी तेव्हा इकडं तिकडं बघितलं होतं, कुणी ऐकलं का म्हणून. तेव्हापासूनच, मामा. मी अजून वसमत सोडलंसुद्धा नव्हतं.

पुण्यात कुणी विचारलं की मी सांगायचे, "माझे मामा हळदीच्या व्यापारात आहेत." 'व्यापारात' हा शब्द मी निवडून घेतला होता. खोटं नको आणि खरंही नको. पुढे लोकांनी त्याचं 'मामा हळदीचे व्यापारी' असं करून घेतलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. हमाल म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग त्याच्या पुढचा, आणि शेवटी लोक आडनाव विचारतात तेही एका वेगळ्याच आवाजात. त्या आवाजाची मला भीती वाटायची. ती भीती खरी होती, हे तुम्हालाही माहीत आहे. पण तिच्यासाठी मी तुमच्या पाठीवरचं पोतं काढून तुम्हाला गादीवर बसवलं, तेही तुम्हाला न विचारता.

मोठ्या हॉटेलात नोकरी लागली आणि वर्षभरात मला वाइनच्या कामावर घेतलं, कारण माझं नाक. परदेशातून आलेला शिकवणारा म्हणाला, असं नाक लाखात एखादं. मी ग्लास तळहातात धरून ऊब द्यायचे, डोळे मिटायचे, पहिला वास जाऊ द्यायचे. त्यानं विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हणाले, आपोआप येतं.

एसटीडी बूथवरून तुम्हाला कळवलं तेव्हा तुम्ही दोनदा विचारलंत, दारूचं काम? आजोबा दारूतच गेले. तुम्ही तरुणपणी पंचशील घेतलं ते बुद्धविहारात सगळ्यांसोबत, पण पाचवं, दारू आणि नशेचं, तुम्ही एकट्यानं घेतल्यासारखं पाळत होतात. दर रविवारी विहारात वंदना तुम्हीच सांगायचात. अशा माणसाची भाची दारूच्या बाटल्या उघडणार.

"पीत न्हाई, मामा," मी म्हणाले. "तोंडात घोळवते आन् थुंकते."

"थुंकतीस?"

"थुंकते. तसंच असतं ते काम."

"थुंकायची नोकरी!" तुम्ही म्हणालात, आणि मग तुम्हाला तुमचंच आठवलं असावं, कारण तुम्ही हसायला लागलात. "म्हंजे माझंच काम करून राहिलीस की."

पण ते तेवढ्यावर मिटलं नाही. पुढच्या खेपेला मी आले तेव्हा आपलं जेवताना चांगलंच वाजलं. तुम्ही म्हणालात, "पीत न्हाईस, पन पाजतीस." मी चिडले. मी म्हणाले, "तुमी बी पोती उचलताच की. रंग मारलेली हळद बी उचलता. तवा कुठं जातं शील?" मामीनं माझ्या ताटात भाकरी वाढता वाढता हात थांबवला. तुम्ही घास खाली ठेवलात. "व्हय, उचलतो," म्हणालात. "पन तिला एकवावरी म्हनत न्हाई." आणि पुन्हा जेवायला लागलात. मी हे वाक्य तेव्हा नीट ऐकलं नाही. गेल्या आठवड्यापासून ते माझ्या कानातून जात नाही.

बुद्धपौर्णिमेला विहारात तुम्ही पुढे बसून वंदना सांगत होतात. चार शीलं मी मोठ्यानं म्हटली. पाचव्याला मी आवाज काढला नाही, नुसते ओठ हलवले. चाळीस माणसांच्या गलक्यात ते कुणाला कळणार होतं? परत येताना नाल्यावरच्या पुलावर तुम्ही म्हणालात, "पाचवं गिळलंस."

मी खाली नाल्यात बघायला लागले.

"दारू थुंकतीस आन् शील गिळतीस. सगळं उलटं करून राहिलीस, माय."

आपण दोघं पुलावर उभं राहून हसलो. तुम्ही हसलात म्हणून मला वाटलं, माफ झालं. पुढची कितीतरी वर्षं मी ओठ हलवत राहिले.

आता ती वाइन.

इटलीत वरच्या अंगाला, टेकड्यांच्या मुलखात, बारोलो नावाचं गाव आहे. तिथली लाल वाइन त्याच नावानं ओळखतात. बहुतेक वाइनींत चार-सहा ठिकाणची द्राक्षं एकत्र करतात. आमच्याकडे आली होती ती एकाच टेकडीच्या एकाच उतारावरच्या वेलींची. रीतही जुनी. साली रसात कितीतरी दिवस राहू द्यायच्या, मग मोठाल्या जुन्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवून द्यायचं आणि वाट बघायची. रंग इतका फिका की आमच्यातला एक जण म्हणाला, मॅडम, हिच्यात पाणी घातलंय. वास मात्र डांबराचा आणि वाळलेल्या गुलाबांचा. आणि चव अशी की जीभ कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी आकसते.

वेटरांना ती शिकवायचं काम माझ्याकडे होतं. पोरं बीडची, नांदेडची, लातूरची. मी इंग्रजीत सांगितलं, ही सिंगल विनयार्ड वाइन आहे. मागून एकानं विचारलं, "मॅडम, सिंगल म्हणजे तीस मिली का?" सगळे खदखदले. बिचाऱ्यांना सिंगल आणि डबल एवढंच माहीत. मी दोन-तीन तऱ्हांनी समजावून बघितलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, एकवावरी आहे ही."

सगळ्यांना एका झटक्यात कळलं. शेतकऱ्यांचीच पोरं ती. एक जण म्हणाला, म्हणजे सरमिसळ नाही. दुसरा म्हणाला, आमच्याकडं विहिरीजवळच्या वावरातली ज्वारी आम्ही अशीच वेगळी ठेवतो. मी त्या दिवशी जे शिकवलं ते पोरं अजून विसरली नाहीत.

मोठे साहेब दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "वा! कुठला शब्द हा?"

मामा, या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांचं होतं. माझ्या मामांचा. पण त्याच्या मागून मोंढा आला असता, पोती आली असती, आणि गादीवर बसवलेले हळदीचे व्यापारी खाली उतरले असते. मी म्हणाले, "माझाच, सर. मी बनवलाय."

एवढं सोपं होतं. जीभसुद्धा अडखळली नाही.

साहेबांनी तो मेनूकार्डात त्या वाइनच्या खाली छापून घेतला. मग रविवारच्या पुरवणीत माझ्यावर लेख आला, फोटोसकट, ग्लासात नाक घातलेला. मथळाच 'एकवावरी'. मराठीला नवा शब्द देणारी मुलगी, असं काहीसं आत होतं. नाक कुठे तयार झालं या प्रश्नाला मी सांगितलेलं उत्तरही छापलं होतं: इटलीहून आलेल्या तज्ज्ञांकडे.

पेपर वसमतला पोचतो हे मला माहीत होतं. तुम्ही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता, हेही माहीत होतं. सोमवारी किसनकाकांच्या मोबाईलवरून तुमचा फोन आला. तुमच्याबरोबर पोती वाहणारे, सगळ्या मोंढ्यासारखे तुम्हाला मामाच म्हणणारे किसनकाका, ते शेजारीच उभे असणार.

"फोटो चांगला आला, माय," तुम्ही म्हणालात. "अशी घडी घातली की गिलास मागं जातो आन् तुझं तोंड वर ऱ्हातं. पेटीत ठिवलाय."

"मामा, त्यात त्यांनी..."

"शब्द बी बराबर लावलास. जागच्या जागी बसला."

मी रागाची वाट बघत होते. टोमण्याची तरी. तुम्ही मामीच्या गुडघ्याचं बोललात, इकडच्या उन्हाचं बोललात, आणि तब्येत सांभाळ म्हणून फोन ठेवलात. तुम्ही रागावला असतात तर मी त्याच क्षणी मोकळी झाले असते. तेवढंही तुम्ही माझ्यासाठी केलं नाहीत, असं मला त्या दिवशी वाटलं. स्वतः चोरी करायची आणि पकडलं नाही म्हणून रुसायचं, असला माझा न्याय.

दिवाळीला आले तेव्हा ठरवून आले होते, सांगायचंच. त्यासाठी त्याच वाइनची बाटली आणली, पाहुण्यांसाठी उघडलेली, तळाशी जरा उरलेली. रिकाम्या हातानं कबूल करायची हिंमत नव्हती. एसटीत ती मी साडीत गुंडाळून मांडीवर धरली होती. कंडक्टरनं विचारलं, बाई, पेशंटचं औषध आहे का? मी व्हय म्हणाले. तुमच्या भाचीला खोटं बोलायला कारण लागत नाही, नुसता प्रश्न लागतो.

तुम्ही चहाचा काचेचा ग्लास घासून आणलात. "वास घ्यायला शील आडवं येत न्हाई," असं मामीकडे बघून म्हणालात. मामीनं तोंड फिरवलं. तुम्ही चमचाभर तळहातावर ओतलीत, हळद चोळावी तशी चोळलीत, डोळे मिटलेत. मी तुमच्या तोंडाकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं म्हणालात, "सडकंचं काम चालू हाय, आन् बाजूला कोनाच्या तरी हारातले गुलाब वाळून पडलेत." मामा, डांबर आणि वाळलेले गुलाब! तज्ज्ञ लोक ग्लासांवर ग्लास रिचवून तेच लिहितात. तुम्ही चमचाभर वाइनीत सांगितलंत, तेही न चाखता.

मग बाटली हातात घेऊन कागदावरची अक्षरं माझ्याकडून वाचून घेतलीत. हे काय? गावाचं नाव. हे? मालकाचं. आणि हे? "वावराचं," मी म्हणाले. "त्या उताराला तिकडं जे नाव हाय ते."

तुम्ही ते नाव बोटानं दोनदा चाचपलंत. "वावराचं नाव बाटलीवर टाकतेत?" म्हणालात. "आपल्याकडं पोत्याचं तोंड शिवलं की वावर खतम." मग सहज, अगदी सहज विचारलंत, "आन् ज्यानं वास घेऊन सांगितलं की ही एकवावरी हाय, त्याचं नाव?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही दार उघडून बाजूला उभे होतात.

"ते नसतं, मामा," मी म्हणाले.

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "नसतं."

उरलेली वाइन तुम्ही परसातल्या लिंबाच्या बुडाशी ओतलीत. मी ओरडले, अहो किती महागाची आहे! तुम्ही म्हणालात, "लिंबानं शील घेतलेलं न्हाई." दोन दिवस तिथं मुंग्या लागल्या म्हणून मामी आपल्या दोघांना बोलत होती. बाटली तिनं सोड्यानं धुऊन करडीच्या तेलाला घेतली. आज सकाळी फोडणीला तेल ओतताना माझ्या हातात तीच होती. कागद तेलानं पिवळा पडलाय, पण वावराचं नाव अजून वाचता येतं.

तुम्ही झोपेतच गेलात म्हणतात. बाकीचं लोक मला सांगतात आणि मी मान हलवते. आपलं बोलणं अर्धं राहिलं एवढंच मला त्यात ऐकू येतं.

पुण्यानुमोदनाला अख्खा मोंढा आला होता. व्यापारीही आले, हमालही आले, आणि पिवळी नखं घेऊन मागच्या रांगेत बसले. भंतेजींनंतर किसनकाका दोन शब्द बोलायला उठले. तुमच्या नाकाबद्दल बोलले, स्वभावाबद्दल बोलले. आणि मग म्हणाले, "एकवावरी म्हनतो ना आपन, त्यो शब्द या बाईनं ल्हानपनी काढला व्हता. मामाच सांगायचे. पेपरात आलं तवा आमी विचारलं, मामा, ह्यो तर तुमचा शब्द. तर म्हनले, न्हाई, भाचीचाच हाय, ल्हान असतानी तिच्याच तोंडातून निघाला, मी तिचा उचलला." सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

मामा, तुम्ही खोटं बोललात. रंग मारलेल्या हळदीला उभ्या जन्मात एकवावरी न म्हणणारा माणूस मोंढ्यात उभा राहून खोटं बोलला, आणि तेही त्याच शब्दाबद्दल. तिसरं वावर ओळखलं म्हणून तुम्ही माझं नाव गल्लीभर केलंत ते खरं होतं म्हणून. हे खोटं असूनही केलंत. मला तिथं बसवेना. उठून सांगावं तर तुमच्याच पुण्यानुमोदनात तुम्ही खोटे ठरणार. न सांगावं तर मी. मी पदर तोंडाला लावून रडत बसले आणि बायकांना वाटलं, पोरीला मामाचं दुःख झालंय.

रात्री मामीला सगळं सांगितलं. ती पाय चेपत बसली होती, स्वतःचेच. "मालूम हाय मला," म्हणाली. "विहारात वंदना सांगनं काहून सोडलं वाटलं तुला?"

तुम्ही मला सांगितलं होतं, घशाची तकलीफ आहे. पाच वर्षं तुमच्या जागी किसनकाका वंदना सांगायचे. मी दोनदा पुण्याहून गोळ्या पाठवल्या.

"घसा चांगला व्हता," मामी म्हणाली. "माज्या बाजूलाच बसायचे. चौथं शील आलं की गप. बाकीची चार म्हनायचे. मी म्हनलं, काहून? तर म्हनले, खोटं बोलनार न्हाई असं कसं म्हनू, बोललोय ना."

पुलावर तुम्ही मला हसून सोडून दिलंत. स्वतःला सोडलं नाहीत. गिळलंही नाहीत, नुसते ओठही हलवले नाहीत. पुढची जागाच सोडून दिलीत आणि मागे येऊन बसलात. माझ्यामुळे, मामा. माझ्या त्या 'मी बनवलाय'मुळे.

काल रविवार होता. मामीबरोबर विहारात गेले. किसनकाका म्हणाले, "आज तुमी सांगा, बाई. मामाच्या जाग्यावर बसा." नाही म्हणायची सोय नव्हती. लेकरं, बायका, मोंढ्यातली सात-आठ माणसं. मी पुढे जाऊन बसले. पहिलं शील सांगितलं, मागून सगळे म्हणाले. दुसरं आलं.

दुसरं म्हणजे न दिलेलं घेणार नाही. मामा, हे मी जन्मभर घसा मोकळा सोडून म्हटलंय. पाचव्याला ओठ हलवायचे आणि दुसऱ्याला छाती काढून म्हणायचं, अशी माझी वंदना. आपण दोघं वर्षानुवर्षं पाचव्यावरून भांडलो आणि मी मोडून बसले होते दुसरं. तुम्हाला ते कळलं होतं. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, दुसरं कसं म्हणतेस गं?

मी दुसरं उच्चारलंच नाही. लोक थांबले. मी मागे वळले आणि म्हणाले, "एकवावरी माझा शब्द न्हाई. मामाचा हाय. मी पुण्यात माझा म्हणून सांगितला. मामा माझ्यापाई खोटं बोलले."

मग किसनकाका खाली बघत म्हणाले, "मालूम हाय, बाई. तुमी जलमल्या न्हवत्या तवापासून आमी त्यो शब्द ऐकून राहिलो. समद्या मोंढ्याला मालूम हाय."

"मग त्या दिशी तुमी तसं काहून बोलले?"

"मामा जिंदगीत एकडाव खोटं बोलले," ते म्हणाले. "त्यायला खोटं कोन पाडनार?"

म्हणजे पाच वर्षं अख्खा मोंढा मान डोलावत होता, तुमच्या शब्दाला मान म्हणून. आणि मी पुण्यात बसून समजत होते की माझी चोरी पचली.

मग मी दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं. चौथं दोनदा म्हटलं, एकदा तुमच्या वाटचं. लोकांनीही ते दोनदा म्हटलं, कुणी काही विचारलं नाही. पाचव्याला थांबले. परवा मला ड्यूटीवर जायचं आहे. साहेबांना सांगायचं आहे, आधी हमाल आणि मग शब्द, आणि ते झाल्यावर त्याच बाटल्या उघडायच्या आहेत. किसनकाकांनी मागून पाचवं उचललं आणि सगळे त्यांच्यामागून म्हणाले. मी तुमच्या जागेवर सगळ्यांसमोर गप्प बसून राहिले, मामा. ओठ हलवले नाहीत.